उजव्या पंखातली फट

मी एक जुने पीस आहे, मित्रांनो, आणि तेही मोडके. घारीच्या उजव्या पंखातले, टोकाकडून तिसरे. माझा खालचा तुकडा चार बोटांचा आहे आणि वरचा वीतभर. जनावरांच्या एका दवाखान्याच्या खिडकीत, औषधाच्या रिकाम्या बाटलीत हे दोन्ही तुकडे खोचून ठेवलेले आहेत. उपचारांना येणारी मांजरे बाकावरून माझ्याकडे टक लावून बघतात. एके काळी माझी नुसती सावली अंगणात पडली असती, तर यांची पळता भुई थोडी झाली असती. आता ती मला पाहून मिशा चाटतात.

मी उगवले तेव्हा रक्ताने भरलेल्या एका निळसर नळीत गुंडाळलेले होते. नळी वाळली, तिचे पापुद्रे गळाले आणि मी हळूहळू उलगडले. माझा दांडा माझ्या मधोमध नाही, तो पुढच्या कडेला सरकलेला आहे. दांड्याच्या पुढे अगदी अरुंद पट्टी आणि मागे चांगला रुंद पट्टा. नवखा माणूस मला हातात घेतो आणि म्हणतो, हे पीस वाकडे वाढले. अहो, वाकडे नव्हे, असेच पाहिजे! वारा समोरून येतो. ताठ, अरुंद कड त्याला कापते आणि रुंद बाजू त्याला मागे, खाली लोटते. वाऱ्याला खाली लोटले की तो तुम्हाला वर लोटतो. उडण्यातले निम्मे गुपित एवढेच आहे. माझी पाठ वरून किंचित फुगीर आहे, पोट किंचित खोलगट. विमानाचा पंख मधून कापला तर तोही असाच दिसतो म्हणतात. म्हणजे मी एकटे पीससुद्धा एक छोटासा पंखच आहे, आणि असे दहा पंख घारीच्या पंखाच्या टोकाशी एकापुढे एक लागलेले असतात.

माझी मालकीण पंख खाली मारायची तेव्हा आम्ही दहा जण एकमेकांना घट्ट बिलगायचो, वाऱ्याला जायला जागा म्हणून ठेवायचो नाही. ती पंख वर उचलायची तेव्हा आम्ही आपापल्या दांड्यावर थोडी वळायचो, खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या वळतात तशी, आणि वारा मधून निघून जायचा. म्हणून पंख उचलायला तिला ताकद लागत नसे. आणि ती संथपणे घिरट्या घालू लागली की टोकाची आम्ही सहा पिसे हाताच्या बोटांसारखी फाकायचो. पंखाखालचा दाबलेला वारा टोकावरून वर पळू बघतो आणि तिथे भोवरा करतो. आमच्या फटींमधून तो फाटून जायचा, भोवरा लहान व्हायचा, आणि ती इतकी हळू उडू शकायची की खालच्या माणसांना वाटावे, टांगून ठेवली आहे. त्या फटींतून वारा जाताना बारीक शीळ वाजायची. ती शीळ मला अजून ऐकू येते.

माझी मालकीण म्हातारी होऊन याच दवाखान्यात मरण पावली. डॉक्टरताईंनी आम्हाला अलगद कापून लांब कागदी पाकिटात ठेवले, सोबत कीड लागू नये म्हणून एक डांबराची गोळी टाकली आणि ड्रॉवर बंद केला. तीन वर्षे मी फुटक्या थर्मामीटरच्या आणि कुत्र्यांच्या चावलेल्या पट्ट्यांच्या संगतीत काढली. तीन वर्षांत एकदाही वारा नाही. ड्रॉवर उघडला की मला आशा वाटे, आणि हात पट्टा घेऊन परत जाई.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याने मला जोडले आणि ज्याच्यामुळे मी मोडले. डॉक्टरताईंचे वडील विमानदुरुस्तीच्या कारखान्यात चाळीस वर्षे होते. कारखान्यात त्यांना सगळे नखमेस्त्री म्हणत. विमानाच्या पंखाचा पत्रा बसवून झाला की ते प्रत्येक सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवायचे. नख कुठे अडकले की सांधा पुन्हा उघडा. बाकीचे कारागीर चिडून म्हणत, "मेस्त्री, तुमचं नख कापा आणि आम्हाला घरी जाऊ द्या!" पण त्यांच्या हातून गेलेले एकही विमान कधी तक्रार घेऊन परत आले नाही. निवृत्त झाल्यावर ते लेकीच्या दवाखान्यात येऊन बसू लागले. पिंजऱ्यांच्या कड्या बसव, टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट कर, असे चाले. पिंजऱ्याच्या कड्यांवरूनही ते नख फिरवायचेच.

मग एका सकाळी एक पाणीवाला खोक्यात घालून एक घार घेऊन आला. गावाबाहेरच्या एका कारखान्याच्या धुराड्यातून जी ज्वाळा निघते, तिच्यावरून ती गेली होती. डावा पंख धड होता. उजव्या पंखाच्या टोकाची पाच पिसे जळून नुसती खुंटे उरली होती. खोके उघडताच तिने ताईंच्या हातमोज्याला चोच मारली, मेस्त्रींचा चष्मा पाडला आणि टेबलावर अशी उभी राहिली की जणू दवाखाना तिच्या नावावर आहे.

"या, मालकीणबाई," मेस्त्री चष्मा उचलत म्हणाले. तेच या नव्या घारीचे नाव पडले.

पण तो तोरा चार दिवसही टिकला नाही. मालकीणबाईंनी खाणे सोडले. ताई मांसाचे तुकडे चिमट्याने तिच्या घशात सारायच्या आणि ती अर्धे बाहेर टाकायची. जाळीवर आपटून आपटून तिच्या पंखाचा सांधा सोलला. तळपायांना फोड आले. रोज सकाळी ताई तिला काट्यावर ठेवायच्या आणि रोज वजन कालच्याहून कमी भरायचे.

"हिची जुनी पिसं झडून नवी यायला आठ-दहा महिने जातील, बाबा," ताई म्हणाल्या. "आठ-दहा दिवससुद्धा काढायची नाही ही. सोमवारपर्यंत बघते. नाही तर झोपवावं लागेल."

ताईंच्या तोंडी झोपवणे म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या कुत्र्यांनाही कळत होते. मेस्त्रींनी पिंजऱ्याकडे पाहिले, मग जळक्या खुंटांकडे.

"खुंटं पोकळ असतात का गं?"

"हो, नळीसारखी."

"मग आत काडी घालून दुसरं पीस बसवता येईल की. नळीला नळी आपण नेहमीच जोडतो."

"करतात तसं. मी फक्त पुस्तकात वाचलंय." ताई एकदम ड्रॉवरकडे धावल्या.

मित्रांनो, तेव्हा माझे काय झाले ते कसे सांगू! पाकीट फाटले, उजेड आला, खिडकीतून वाऱ्याची एक झुळूक आली आणि माझ्या रुंद बाजूचे केस न केस उभे राहिले. आम्ही पाच भावंडे टेबलावर ओळीने मांडली गेलो. ताईंनी बजावले, "जपून, बाबा. उजव्या टोकाची हीच पाच आहेत. डाव्या बाजूचं पीस इथे उलटं बसतं. यातलं एक मोडलं तर दुसरं नाही."

मेस्त्रींनी बांबूच्या पाच काड्या तासल्या. आगपेटीतल्या काडीहून बारीक, दोन्हीकडे निमुळत्या, आणि गोल नाही तर तीनधारी, म्हणजे पीस आत फिरणार नाही. शनिवारी सकाळी ताईंनी मालकीणबाईंना गुंगीचे औषध दिले. मेस्त्रींनी एकेक काडी चिकटवून एकेक पीस खुंटात बसवले. त्यांचे हात एवढे स्थिर होते की मला माझा सांधा कुठे आहे तेच कळेना. मी पुन्हा पंखात होते. खाली स्नायूंची ऊब होती, मंद का होईना, नाडी लागत होती.

शेवटचे पीस बसले आणि फोन वाजला. पलीकडच्या वस्तीत एक गाय अडली होती. ताईंनी घारीला हळूहळू जागे करण्याची सुई टोचली, तिचा श्वास दोनदा मोजला आणि पिशवी उचलली. "अजून थोडा वेळ गुंगीत राहील. गोंद वाळू द्या. तिला हलवू नका," एवढे सांगून त्या गेल्या.

मेस्त्रींनी पंख उलगडून उजेडात धरला. काम सुरेख झाले होते. सवयीप्रमाणे त्यांनी अंगठ्याचे नख पंखाच्या टोकावरून फिरवले, आणि नख अडकले. माझ्या आणि दुसऱ्या पिसाच्या मध्ये फट होती. दुसऱ्या आणि पहिल्याच्या मध्येही होती. टोकाशी आम्ही सगळीच मुद्दाम निमुळती आहोत, तिथे आमच्यात फट असतेच. पण त्यांना वाटले, आपलेच बसवणे कमी पडले.

"ही काय फट राहिली!" ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी टेबलाखालून डिंकाची बाटली काढली.

नको, मेस्त्री, नको! मी आतल्या आत किती ओरडले असेन, पण पिसाला कुठला आवाज? माझी शीळ वाऱ्यावाचून वाजत नाही, आणि खोलीत वारा नव्हता. बारीक कुंचल्याने त्यांनी आमच्या कडा एकमेकींना चिकटवल्या. पहिले दुसऱ्याला, दुसरे मला, मी चौथ्याला, चौथे पाचव्याला. इतक्या मायेने की मला रागही येईना. डिंक वाळत गेला तशी मी आखडत गेले. माझी मान वळेना. मी जिवंत पंखात बसून फळी झाले होते.

ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत चिखल होता आणि डोळे मिटत होते. वासरू वाचले नव्हते. त्यांनी दारातूनच पंख पाहिला आणि कितीतरी वेळाने त्या हसल्या. "बाबा, एक फट दिसत नाही हो! नवाकोरा पंख आहे." मेस्त्री लाजले. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती.

रविवारी सकाळी मागच्या रिकाम्या शेडमध्ये मालकीणबाईंना नेले. मेस्त्रींनी तिला दोन्ही हातांनी वर फेकले. तिने पंख मारला आणि ती उचलली गेली. एक क्षण, फक्त एक क्षण, आम्ही हवेत होतो. मग तिने पंख वर घेतला. डावा पंख मोकळा होऊन सहज वर आला. उजवा येईना. आम्ही वळायला गेलो आणि डिंकाने आम्हाला धरून ठेवले. वारा मधून जाईना, सगळा आमच्या पाठीवर बसला. ती उजवीकडे कलंडली, सावरायला तिने टोकाची बोटे फाकायचा जोर केला. आमचा पंजा उघडलाच नाही. समोर विटांची भिंत होती.

मोडण्याचा आवाज मला ऐकू आला, तेव्हा कळले नाही की तो माझा आहे.

मालकीणबाई भिंतीखाली पसरून पडली होती, चोच उघडी. ताईंनी तिला उचलून तपासले. हाड शाबूत होते. "औषध जास्त झालं असेल. माझंच चुकलं. मुळात आशाच करायला नको होती," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मेस्त्रींनी जमिनीवरून माझा वरचा तुकडा उचलला. त्यांचे नख माझ्या कडेवरच्या वाळक्या डिंकावर अडकले आणि तिथेच राहिले.

"हे काय आहे, बाबा?" ताईंनी डोळे पुसत विचारले.

"डिंक. टोकाला फट होती गं."

"फट असायलाच हवी होती, बाबा! घारीच्या पंखाची बोटं तुम्ही कधी पाहिली नाहीत का आभाळात? आणि मी... मी कालच पाहायला हवं होतं. मी शाबासकी दिली तुम्हाला!"

मेस्त्री शेडच्या जमिनीवरच बसले. ते बोलू लागले, पण लेकीशी नव्हे. "विमान उतरायला लागलं की पंखाच्या पुढची पट्टी बाहेर सारतात. मुद्दाम फट पाडतात. हळू उडताना त्या फटीतून वारा पंखाच्या पाठीवर जातो, म्हणून ते पडत नाही. त्या पट्टीला मीच वंगण द्यायचो. चाळीस वर्षं मीच द्यायचो." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "हाताला माहीत होतं आणि डोक्याला नव्हतं."

त्या दुपारी वजन आणखी खाली गेले होते. सोमवार उद्यावर आला होता. मेस्त्रींनी कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि राहिलेल्या चार भावंडांच्या कडांवरून डिंक काढायला बसले. कापसाने भिजवायचे आणि ज्या नखाने फटी शोधल्या त्याच नखाने फटी मोकळ्या करायच्या. एकही केस तुटू द्यायचा नाही. ताईंनी दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा तो गार झाला. शेवटी चारही पिसे सुटी झाली, फाकली. आणि माझ्या जागी, टोकाकडून तिसऱ्या जागी, सरळ आरपार आभाळ दिसू लागले. माझा खालचा तुकडा त्यांनी खुंटातून काढून घेतला होता. तो तिथे ठेवूनही उपयोग नव्हता.

सोमवारी सकाळी मालकीणबाईंना घेऊन बापलेक गच्चीवर गेले. मी मेस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात होते, दोन्ही तुकडे, टोक बाहेर. ताईंच्या पिशवीत ती कायमची झोपवायची सुई भरून ठेवलेली होती आणि दोघांनाही ते माहीत होते.

"एवढी मोठी फट असलेलं विमान मी आयुष्यात सोडलं नसतं," मेस्त्री म्हणाले.

"ते विमान नाहीये, बाबा. सोडा."

त्यांनी हात उघडले. मालकीणबाई कठड्यावरून खाली गेली. उडाली नाही, गेलीच. रस्ता होता खाली, तारा होत्या, गाड्या होत्या. मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि खिशावरून मला इतके घट्ट दाबले की माझे उरलेले केस चुरगळले. मग खालून शीळ आली. पिसांच्या फटींतून वारा जाताना येते ती, पण थोडी वेगळी, खर्जातली, कारण एक फट फार मोठी होती. मालकीणबाई तारांच्या वर आली. वाकडी, उजवीकडे ओढली जात, जोरजोरात पंख मारत, पण वर. समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, टाकीवर बसली आणि आमच्याकडे पाठ करून पंख झटकू लागली.

ताईंनी वडिलांच्या खांद्यावर डोके ठेवले. मला मात्र खरे सांगायचे तर दोन्ही वाटले. ती उडाली म्हणून माझा आनंद मावत नव्हता, आणि माझ्याशिवाय उडाली म्हणून मी फुटून गेले होते. तीन वर्षे ड्रॉवरमध्ये ज्याची वाट पाहिली, ते मला एक क्षण मिळाले होते.

तेव्हापासून, आता वर्ष होत आले, मेस्त्री रोज दुपारी या खिडकीत उभे राहतात. आभाळात कितीही घारी असोत, ती ओळखू यायची. उजव्या पंखात टोकाकडून तिसरी जागा रिकामी. "आज टाकीवर होती," ते मला सांगत. "आज एका कावळ्याला पिटाळलं तिने." मांजर घेऊन आलेल्या बायकांना ते थांबवून दाखवत, "ती बघा, ती फटवाली. ती आमची." चाळीस वर्षे फटींचा वैरी असलेला माणूस एका फटीकडे बोट दाखवून अभिमानाने सांगत होता.

आता एकवीस दिवस झाले, ती दिसलेली नाही.

ताई समजावतात, "बाबा, पिसं झडायचे दिवस आहेत. तिचं खुंट पडून नवं पीस आलं असेल. फट बुजली असेल. म्हणून तुम्हाला ओळखू येत नाही." मेस्त्री मान हलवतात. त्यांनाही ते कळते. पण तारेला लागून मेली असेल, तरीही फट दिसणार नाहीच. बरी झाली काय आणि मेली काय, खालून पाहणाऱ्याला दोन्ही एकसारखेच.

मित्रांनो, मी मोडके पीस, माझे कोण ऐकणार? पण एवढे ऐका. ज्याची काळजी घ्याल त्याला आधी नीट पाहा. तुम्हाला जी उणीव वाटते ती कदाचित त्याची श्वास घ्यायची जागा असेल. ती बुजवायला मायेने हात पुढे येईल, तेव्हा क्षणभर तो हात मागे घ्या. माया कमी पडली म्हणून मी मोडले नाही. आणि आभाळात एखादी घार खाली खाली येताना दिसली, तर दगड उचलू नका. तिच्या पंखाकडे बघा. तिच्यासाठीही कुणीतरी खिडकीत उभे असेल.

आज दुपारी मेस्त्री चष्मा पुसून खिडकीत आले. बराच वेळ आभाळातल्या घारी मोजत होते.

"नऊ," ते म्हणाले. "नऊच्या नऊ धड आहेत."

ते माझ्या बाटलीला हात लावून उभे राहिले. हसावे की रडावे ते त्यांना कळत नव्हते, आणि मलाही कळत नाही. त्या नऊ जणींतली एक ती असू दे. मित्रांनो, त्यातली एक ती असू दे.